दफ्तरातली रीत

छत्रपती संभाजीनगराचा इतिहास सांगावयाचा म्हणजे दरवाजे, नहरी आणि बीबीचा मकबरा यांपासून आरंभ करण्याचा प्रघात पडून गेला आहे, आणि तो अयोग्य आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 च्या सुमारास खडकी या गावी जी राजधानी वसविली, जिला 1653 मध्ये शाहजादा औरंगजेबाच्या नावावरून औरंगाबाद हे नाव मिळाले, आणि जिच्या दफ्तरांत पुढे कित्येक पिढ्या दख्खनच्या महसुलाचे, फौजेच्या वेतनाचे व जमिनीच्या हक्कांचे हिशेब साठत गेले, त्या नगराचा दगडाइतकाच कागदाचाही एक इतिहास आहे. या कागदांत काय लिहिले होते याचा विचार संशोधकांनी पुष्कळ केला. एक कागद दुसऱ्या कागदाशी कोणत्या रीतीने जोडला जाई, ती रीत कोठे ठेवलेली असे, आणि तिला कामाला लावण्याचा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. आणि आजच्या संगणकयुगात तोच प्रश्न नव्या वेषात पुन्हा आपल्यासमोर उभा असल्याने त्याचा मागोवा घेणे मला अगत्याचे वाटते.

संगणकावर माहितीचे मोठे साठे सांभाळणारे लोक ज्याला ‘स्टोअर्ड प्रोसिजर’ म्हणतात, ती वस्तू म्हणजे नोंदींच्याच साठ्यात, नोंदींच्या शेजारी, एका निश्चित नावाने ठेवून दिलेली कामाची रीत होय. बाहेरून कोणी तिचे नाव उच्चारावे, तिला लागणारी दोन-चार मूल्ये तिच्या हाती द्यावीत, आणि तिने आतल्या आत सर्व नोंदी चाळून, हिशेब करून, हव्या तेथे नवी नोंद घालून उत्तर परत करावे, एवढाच तिचा व्यवहार. आणि ज्या साधनांचे काम ठिकठिकाणच्या साठ्यांतून माहिती उचलून ती एका मेळात आणण्याचे असते, त्या एकत्रीकरणाच्या साधनांना आपल्या प्रवाहाच्या मध्येच अशा रीतीला हाक मारावी लागते. ही कल्पना व्यापारी संगणकप्रणालींत 1980 च्या दशकात रुजली. 1987 च्या सायबेसच्या प्रणालीत ती होती, आणि 1992 मध्ये ओरॅकलच्या सातव्या आवृत्तीने तिला सर्वत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु नोंदीपाशी रीत ठेवावी आणि तिला नावाने बोलवावे, हा विचार यंत्राच्या कितीतरी आधी या दख्खनच्या भूमीवर राबविला गेला होता.

मलिक अंबराच्या राज्यकारभाराची जी वैशिष्ट्ये इतिहासकार सांगतात, त्यांत महसुलाची इजारेदारी, म्हणजे वसुलीचा मक्ता, मोडून गावाशी प्रत्यक्ष संबंध जोडण्याचा त्याचा निर्णय अग्रभागी आहे. जमिनीचा कस पाहावा, पिकाचा अंदाज घ्यावा, सरकारचा वाटा आधी धान्याच्या रूपाने आणि पुढे रोखीने ठरवावा, आणि वसुलाचे उत्तरदायित्व गावच्या पाटलावर ठेवावे, असा हा क्रम होता. इजारेदाराच्या काळी वसुलाची रीत त्या इजारेदाराच्या मर्जीत वास करीत असे. ती पालटली तरी रयतेला दाद मागण्याचे स्थान नव्हते. अंबराने ती मर्जीतून काढून नोंदीत आणली. 1626 मध्ये तो निवर्तला, दहा वर्षांत निजामशाहीही अस्तंगत झाली, आणि त्या धामधुमीतच 1630 ते 1632 च्या भीषण दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली. तथापि महसुलाचा आधार माणसाचा शब्द नसून गावाची नोंद असावी हे तत्त्व या प्रदेशात टिकून राहिले.

त्या तत्त्वाला शास्त्राचे स्वरूप दिले ते मुर्शिद कुली खानाने. बंगालच्या इतिहासात गाजलेला त्याच नावाचा पुरुष निराळा. हा खुरासानचा रहिवासी, कंदाहारच्या अली मर्दान खानाबरोबर हिंदुस्थानात आलेला, आणि औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा त्याच्याबरोबर दिवाणगिरीवर नेमलेला. प्रथम बालाघाटाची, म्हणजे घाटावरच्या मुलखाची, आणि 1656 पासून पाईनघाटाची, म्हणजे घाटाखालच्या मुलखाचीही दिवाणी त्याच्याकडे आली. उत्तरेत तोडरमलाने घातलेली मोजणीची पद्धती त्याने दख्खनमध्ये आणली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याची खरी थोरवी मला अशी दिसते, की त्याने एकच रीत सर्वांवर लादली नाही. जेथे नांगरामागे ठोक रक्कम घेण्याची जुनी चाल रयतेच्या सोयीची होती तेथे ती राहू दिली. जेथे पिकाची वाटणी न्याय्य होती तेथे बटाई ठरविली, आणि तीतही पावसावरच्या पिकाचा अर्धा हिस्सा, तर विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याचा एक तृतीयांश, असा भेद केला. आणि जेथे मोजणी शक्य होती तेथे जरीब टाकून बिघ्यामागे दर बांधून दिला. ओस गावांना मुकादम नेमले, बैलबियाण्यासाठी तगाई दिली, आणि ती सुगीला हप्त्यांनी परत घेतली. म्हणजे तीन रीती दफ्तरात सिद्ध होत्या. अंमलदाराने गावाची स्थिती पाहून त्यांतली एक निवडावी, जमीन, पीक व पाणी ही तिची मूल्ये तिला पुरवावीत, आणि जो आकडा निघेल तो मान्य करावा. 1658 च्या एप्रिलमध्ये धर्माटच्या रणांगणात हा पुरुष कामी आला, परंतु त्याची धारापद्धती पिढ्यान्‌पिढ्या दख्खनच्या स्मरणात राहिली.

याच काळातील मनसबदारांच्या, म्हणजे पदानुसार स्वार बाळगणाऱ्या मोगल सरदारांच्या, वेतनाची व्यवस्था पाहिली म्हणजे निरनिराळ्या साठ्यांतील माहिती एकत्र आणण्याचे काम किती सूक्ष्म होते याचा प्रत्यय येतो. एका बाजूस फौजेचा कारभार पाहणाऱ्या बक्षीचे दफ्तर होते. त्यात मनसबदाराची जात (व्यक्तिगत दर्जा) व सवार (ठेवावयाच्या स्वारांची संख्या) यांचे आकडे, त्याच्या स्वारांच्या चेहऱ्यांची व घोड्यांच्या खुणांची वर्णने, म्हणजे ज्याला ‘अर्ज-ओ-चेहरा’ म्हणत ते कागद, आणि घोड्यांवरच्या डागाची पडताळणी, हे सर्व असे. दुसऱ्या बाजूस दिवाणाचे दफ्तर होते. त्यात प्रत्येक परगण्याची जमा, म्हणजे अंदाजलेला महसूल, दामांत मांडलेली असे, चाळीस दाम म्हणजे एक रुपया या हिशेबाने. जहागीर द्यावयाची तर या दोन दफ्तरांचा मेळ घालावा लागे. एका सवारामागे वर्षाला आठ हजार दाम या दराने हजार सवारांचे ऐंशी लक्ष दाम, म्हणजे दोन लक्ष रुपये होत. तेवढ्या जमेचे परगणे शोधून ते त्या मनसबदाराच्या नावे लावले जात.

परंतु दख्खनमध्ये कागदावरची जमा आणि हाती येणारा वसूल यांत मोठे अंतर पडे. उजाड झालेल्या परगण्यातून दोन लक्षांच्या जागी एक लक्षच हाती येणार हे उघड असताना हजार सवार ठेवण्याची सक्ती करणे अन्यायाचे झाले असते. त्यासाठी शाहजहानाच्या कारकिर्दीत माहवार प्रमाणांची रीत पक्की झाली. जेथे वसूल निम्मा तेथे ती जहागीर ‘शशमाहा’, म्हणजे सहा महिन्यांची. जेथे चतुर्थांश तेथे ‘सिहमाहा’, तीन महिन्यांची. आणि त्या प्रमाणात मनसबदाराच्या स्वारसंख्येचे बंधनही सैल होई. कारकुनाने फर्दीवर शशमाहा एवढा एक शब्द लिहिला, की त्यामागचे सारे गणित, सारी सूट आणि सारे बंधन आपोआप लागू होई; प्रत्येक कागदावर तो नियम नव्याने विस्तारून लिहिण्याचे कारण नव्हते. नियम एके ठिकाणी, त्याचे नाव सर्वत्र, आणि पुरविलेल्या आकड्यानुसार उत्तर निराळे, हे आजच्या स्टोअर्ड प्रोसिजरचे संपूर्ण लक्षण या एका शब्दात आढळते. हे काम करणाऱ्या कारकुनांच्या जगाचे दर्शन भीमसेन सक्सेना याच्या ‘नुस्खा-ए-दिलकुशा’ या ग्रंथात घडते. बऱ्हाणपुरात जन्मलेला हा कायस्थ लेखक औरंगाबादेत वाढला, त्याचे वडील रघुनंदनदास येथेच तोफखान्याच्या हिशेबावर होते, आणि तो स्वतःही लष्करी हिशेबाच्या चाकरीत राहिला. सिंहासनाजवळच्या इतिहासकाराला जे दिसले नाही, ते हिशेबाच्या चौकटीत बसलेल्या या माणसाला दिसले. नोंद आणि वस्तुस्थिती यांच्यातली वाढती दरी त्याने ओळखली होती.

औरंगजेबानंतरच्या अर्धशतकात निजाम-उल्-मुल्क आसफजाहाने दख्खनमध्ये स्वतंत्र सत्ता स्थापिली, आणि 1763 मध्ये तिची राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस गेली. राजधानी हलली तरी कागद लगोलग हलत नसतात. शाहजहान व औरंगजेब यांच्या काळची दफ्तरे पुष्कळ काळ येथील किल्ले-अर्क या राजवाड्यात पडून राहिली, आणि विसाव्या शतकात ती हैदराबादच्या अभिलेखागारात नेण्यात आली. एकट्या औरंगजेबाच्या कारकिर्दीचे सुमारे दीड लाख कागद त्या संग्रहात आहेत. युसुफ हुसेन खान यांनी त्यांतून निवडलेले कागद प्रसिद्ध केल्यामुळे अभ्यासकांना ते खुले झाले. ज्या मराठवाड्याच्या गावांच्या त्या नोंदी होत्या, त्या मराठवाड्यापासून मात्र त्या दुरावल्या.

आसफजाही कारभारात महसुलाचा हिशेब दोन मोठ्या दफ्तरांत विभागलेला होता. औरंगाबाद, वऱ्हाड, विजापूर व खानदेश या पश्चिमेकडील सुभ्यांचे काम दफ्तर-ए-दिवाणीकडे असे, आणि ते रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याच्या हाती वंशपरंपरेने होते. बीदर व हैदराबाद या सुभ्यांचे काम दफ्तर-ए-मालकडे, म्हणजे मालवाला या कायस्थ घराण्याकडे होते. या घराण्यांच्या निष्ठेविषयी व कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. किती सनदा निघाल्या, कोणता परगणा कोणाच्या तनख्यात लागला, कोणत्या गावाला कोणत्या वर्षी सूट मिळाली, हे सारे त्यांना मुखोद्गत असे. परंतु येथेच या पद्धतीचे मोठे वैगुण्यही होते. रीत नोंदींजवळ होती खरी, पण नोंदी आणि रीत दोन्ही एका घराण्याच्या वाड्यात होत्या. दरबाराला एखादा आकडा हवा असला तर दफ्तरदारास विचारल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्याने दिलेले उत्तर कोणत्या मार्गाने निघाले हे पडताळण्याचे साधन दिवाणापाशीही नव्हते. 1853 मध्ये दिवाणपदावर आलेल्या पहिल्या सालारजंगाने ही स्थिती पालटण्याचा निर्धार केला. त्याने वंशपरंपरागत दफ्तरांचे महत्त्व मोडून दिवाणीची स्वतःची खाती उभारली, 1865 मध्ये जिल्हाबंदी करून पगारी अंमलदार नेमले, आणि पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीच्या मोजणीचे काम मराठवाड्यात सुरू झाले. सालारजंगाच्या सुधारणेचे मर्म असे, की रीत व्यक्तीच्या ठायी न राहता खात्याच्या लेखी नियमात आली, आणि ज्याला अधिकार असेल त्या कोणालाही ती वाचून पाहता येऊ लागली.

एक अडचण मात्र त्यानंतरही शिल्लक होती, आणि मराठवाड्याच्या कागदपत्रांशी ज्यांचा संबंध आला त्यांना ती आजही भोगावी लागते. गावचा पटवारी आपले हिशेब मोडी लिपीत मराठीतून लिही. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेरीत पूर्वी फारसी चाले, आणि 1880 च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. वर्ष फसली, महिने आझर, दै, बहमन, आणि नाणे हाली शिक्का. त्यामुळे गावाच्या एका आकड्याने तालुक्यास पोहोचेपर्यंत लिपी, भाषा आणि कालगणना अशी तीन वस्त्रे पालटलेली असत. प्रत्येक पायरीवर रुजुवात करणारा कारकून हा या साऱ्या व्यवस्थेचा कणा होता. तो चुकला तर शेतकऱ्याचे शेत कागदावर दुसऱ्याच्या नावे चढे आणि ती चूक दुरुस्त होण्यास दोन पिढ्यांचा काळ लागे.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि त्यानंतरच्या दशकात मराठवाड्याच्या नोंदींचे जे एकत्रीकरण करावे लागले, त्याची बरोबरी करणारे उदाहरण महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात क्वचितच सापडेल. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, 1950 चा कुळकायदा आला, मग इनामे गेली. म्हणजे जमिनीवरच्या हक्काची जी-जी प्राचीन रूपे होती ती एकामागून एक मिटविली गेली, आणि त्या प्रत्येकाच्या जागी कोणाचे नाव लावायचे हे ठरविण्याची वेळ आली. 1954-55 च्या खासरा पत्रकांत गावोगावच्या जमिनीची प्रत्यक्ष स्थिती लिहून काढण्यात आली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला. 1966 च्या जमीन महसूल संहितेने साऱ्या राज्यास एकच कायदा लागू केला, आणि पाहणी पत्रके, सेतवार अशा जुन्या जमीन-नोंदींची ही सारी परंपरा गाव नमुना सात आणि बारा यांच्या चौकटीत बसविली गेली. आजही मराठवाड्यात जमिनीचा वाद उपस्थित झाला म्हणजे वकील प्रथम खासऱ्याची नक्कल मागतो, याचे कारण हेच, की निरनिराळ्या दफ्तरांतला माल जेथे पहिल्यांदा एका पात्रात आला तो हा कागद होय.

या संहितेने फेरफाराची जी रीत घालून दिली ती आता संगणकात उतरली आहे, आणि तेथे आपला मूळ विषय पुन्हा भेटतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत नोंदविले जाते. ती नोंदणीची प्रणाली एक, आणि अधिकार अभिलेखाची ई-फेरफार प्रणाली, जी पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सिद्ध केली, ती दुसरी. खत नोंदले जाताच त्याची वार्ता दुसऱ्या प्रणालीस पोहोचते. तेथे फेरफार क्रमांक पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर ती प्रसिद्ध होते, हरकतीसाठी पंधरा दिवसांचा अवधी राहतो, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पूर्वी याच क्रमाला तलाठ्याच्या दारी किती हेलपाटे लागत हे ज्यांनी अनुभवले त्यांना या सोयीचे मोल सांगण्याची गरज नाही.

अशा कामात माहिती वाहून नेणाऱ्या साधनाने साठ्यातल्या रीतीला हाक मारावी, की सर्व नोंदी बाहेर काढून स्वतःच हिशेब करावा, हा संगणकज्ञांचा नित्याचा विचार असतो, आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. हाक मारण्याचे लाभ स्पष्ट आहेत. लाखो नोंदी जाळ्यावरून इकडून तिकडे नेण्याचा खर्च वाचतो. हाक मारणाऱ्यास केवळ ती रीत चालविण्याचा परवाना द्यावा लागतो, मूळ नोंदींना हात लावण्याचा नाही. आणि नियम पालटला तर तो एकाच जागी पालटावा लागतो. परंतु सावधगिरीची स्थळेही तितकीच आहेत. प्रवाहातल्या प्रत्येक ओळीमागे एकदा हाक मारली तर काम कमालीचे मंदावते, म्हणून शक्य तेथे साऱ्या ओळी आधी एका तात्पुरत्या तक्त्यात उतरवून हाक एकदाच मारावी. पुरविलेल्या मूल्यांचा क्रम आणि प्रकार तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर दिनांकाच्या जागी आकडा जाऊन पडतो. रीत यशस्वी झाली की अर्ध्यावर थांबली, हे तिने परत केलेल्या खुणेवरून तपासल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये. आणि अर्ध्यावर थांबलीच, तर अर्धवट घातलेल्या नोंदी मागे घेतल्या जातील अशी तजवीज आधीच असावी. शिवाय ओरॅकलची बोली निराळी, मायक्रोसॉफ्टची निराळी, आणि पोस्टग्रेसमध्ये तर कार्ये पुष्कळ वर्षांपासून असली तरी स्वतंत्र प्रोसिजर 2018 च्या अकराव्या आवृत्तीपासूनच आली. तेव्हा एका घरची रीत जशीच्या तशी दुसऱ्या घरी चालत नाही, हे मोडी व उर्दूच्या काळी जितके खरे होते तितकेच आजही खरे आहे.

या सर्व इतिहासातून माझ्या मनावर जो एक सिद्धांत ठसला तो असा, की रीत नोंदींजवळ ठेवणे हे शहाणपणाचे आहे, पण ती कोणालाही वाचता येण्याजोगी ठेवणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे. मुर्शिद कुली खानाच्या धाऱ्याचे बळ त्याच्या दरांत होते तितकेच ते दर गावच्या मुकादमास ठाऊक होते यातही होते. रायरायानांच्या दफ्तराची दुर्बलता त्यांच्या हिशेबात नव्हती. ती त्या हिशेबाभोवती उभ्या असलेल्या भिंतीत होती. आज शासनाच्या, बँकांच्या आणि कारखान्यांच्या साठ्यांत अशा शेकडो रीती कामाला लागलेल्या आहेत. ज्याने एखादी रीत लिहिली तो दुसरीकडे गेला, तिचा अर्थ सांगणारा कागद कोणी केला नाही, आणि ती चालते म्हणून चालू ठेवली आहे, अशी अवस्था जेथे येते तेथे वंशपरंपरागत दफ्तरदारी पुन्हा अवतरली असे समजावे. भेद एवढाच, की या वेळी दफ्तरदारास विचारण्याचीही सोय उरत नाही.

म्हणून जो कोणी अशी रीत लिहील त्याने तिच्यासोबत तीन गोष्टी ठेवाव्यात: ती काय करते याचे साध्या मराठीतले विवेचन, ती कोणत्या कायद्याच्या वा आदेशाच्या आधारे लिहिली त्याचा दाखला, आणि ती कोणत्या दिवशी कोणी पालटली याची क्रमवार नोंद, जुन्या रूपासह. सन 2030 मध्ये एखाद्या शेतकऱ्याने विचारले, की माझ्या सातबाऱ्यावर 2020 साली हे नाव कोणत्या नियमाने चढले, तर यंत्राने आजचा नियम दाखवून भागणार नाही. त्या दिवशी अंमलात असलेला नियम जसाच्या तसा काढून दाखविता आला पाहिजे. शशमाहा हा शब्द आज आपल्याला कळतो याचे कारण त्याचे गणितही कागदावर उरले. आपल्या नियमांचे गणित जर आपण यंत्राच्या पोटातच राहू दिले, तर आकडे उरतील आणि न्याय मागण्याचा आधार नाहीसा होईल; आणि ज्या प्रदेशाची जुनी दफ्तरे दूर गेल्यामुळे त्याला आपल्याच जमिनीचा पुरावा परक्या दारी शोधावा लागला, त्या मराठवाड्याने तरी ही हेळसांड पुन्हा होऊ देता कामा नये.